मोत्याबरोबर व्हेनिस

"अगं, कुत्र्याला घेऊन कुणी व्हेनिस बघायला जातं का?"

धाकट्या बहिणीला, अनूला, मी हे विचारलं आणि तिचा चेहरा पडला. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे इटलीत, पादोवाला गेले होते. आयुष्यातली पहिली परदेशवारी! शाळेला सुट्टी होती, तिकीट अनूने पाठवलं होतं, आणि मुलांचं कसं होणार ही काळजी सासूबाईंनी एका वाक्यात मिटवली होती. "तू जा. मी आहे ना घरी. मला तरी या गुडघ्यांनी कुठे जायला जमणार आहे?"

त्या हे हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसून मान डोलावली. बॅग भरायच्या घाईत त्या वाक्याकडे कुणाचं लक्ष असतं?

तर व्हेनिस. पादोवाहून आगगाडीने जेमतेम अर्धा तास. मी साताऱ्याहून निघतानाच वहीत यादी केली होती. सान मार्कोचा चौक, डोजचा राजवाडा, रिआल्तोचा पूल, काचेची बेटं... मोजून चौदा ठिकाणं. आणि अनू म्हणते, मोत्यालाही न्यायचं.

मोत्या मूळचा पुण्याचा. अनू कॉलेजात असताना होस्टेलच्या फाटकाशी सापडलेलं गावठी पिल्लू. आज बारा वर्षांचा आहे. वजन बावीस किलो, तोंडाभोवती पांढरं झालेलं, आणि मागच्या पायांत संधिवात. अनूचे यजमान कामासाठी परगावी गेलेले, म्हणजे त्याला दिवसभर सांभाळायला घरी कुणी नाही.

"कुत्री ठेवून घेणारी माणसं असतील की इथे," मी म्हटलं.

"असतात, ताई. पण तो म्हातारा झालाय. अनोळखी घरात जेवत नाही. त्याला ठेवायचं असेल तर तू एकटी जाऊन ये. मी थांबते."

सात समुद्र ओलांडून बहिणीकडे आले, आणि बहीण कुत्र्यासाठी घरी थांबणार! मला राग आला, खोटं कशाला बोलू? रात्री आम्ही दोघी फारसं न बोलता झोपलो. सकाळी मीच म्हटलं, "चल, घे त्याला." पण म्हटलं ते नाखुशीने.

निघण्यापूर्वीची तयारी बघून मात्र मी थक्क झाले. कुणा लेकीसुनेच्या उपयोगी पडेल म्हणून नीट सांगते. इटलीत गावात फिरताना कुत्र्याचा पट्टा दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही. मुसकी जवळ बाळगावीच लागते. गरज पडली किंवा कुणी अधिकाऱ्याने सांगितलं तर ती घालायची. आणि घाण उचलायच्या पिशव्या तर हव्यातच, नाहीतर दंड. आगगाडीत मोठ्या कुत्र्याला मुसकी घालावी लागते आणि त्याचं अर्धं तिकीट काढावं लागतं. कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ या गर्दीच्या वेळी साध्या गाड्यांत मोठ्या कुत्र्यांना घेत नाहीत, म्हणून आम्ही नऊनंतरची गाडी धरली. लहान कुत्रं टोपलीत किंवा पिंजऱ्यात असेल तर ते फुकट.

व्हेनिसचं स्टेशन म्हणजे एक गंमतच आहे. आपण स्टेशनाबाहेर पडलो की समोर काय दिसतं? रिक्षा, टांगे, हमाल, एसटीचा फाटा. इथे बाहेर पाऊल टाकलं की पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली पाणी! हिरवट रंगाचा मोठा कालवा, त्यातून चाललेल्या बोटी, पलीकडे घुमटाचं देऊळ. मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. मला वाटलं, कुत्र्याला फिरवायला याहून सुरक्षित गाव कुठलं? चाकाखाली येण्याची भीतीच नाही.

मोटारी नसल्या तरी पूल असतात, हे मला दहा मिनिटांत कळलं. व्हेनिस शंभराहून अधिक छोट्या बेटांवर वसलेलं आहे आणि ती बेटं चारशेच्या वर पुलांनी जोडलेली आहेत. बोटी खालून जाव्यात म्हणून पूल कमानीचे. म्हणजे प्रत्येक पुलाला चढायच्या पायऱ्या आणि उतरायच्या पायऱ्या. नकाशात अर्ध्या तासाची वाट दिसते, पण त्या वाटेत किती पायऱ्या आहेत हे नकाशा सांगत नाही.

आम्ही रिआल्तोकडे पायी निघालो. चार सुळके असलेला गुल्ये नावाचा पूल लागला. मोत्या चार पायऱ्या चढला आणि बसला. अनूने गोंजारलं, खाऊ दाखवला. तो शेपटी हलवी, पण उठेना. मागून लोकांची रीघ. मी हातातल्या यादीकडे बघतेय, घड्याळाकडे बघतेय. शेवटी माझ्या तोंडून गेलंच, "तरी मी सांगत होते!"

अनू काही बोलली नाही. ती त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि त्याचे मागचे पाय चोळायला लागली.

तेवढ्यात दोन चाकांची बाजाराची पिशवी ओढत एक आजीबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. मोत्याकडे, मग अनूकडे बघून त्यांनी इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. दोघींचं बोलणं सुरू झालं. आजीबाई बोटं मोजत होत्या. अनूने मला त्याचा अर्थ सांगितला तो असा: 'या गावात अंतर मोजायचं नाही, पूल मोजायचे. माझे गुडघे गेल्यापासून मी तसंच करते. स्टेशनाकडे परत जा. एक नंबरची बोट धरा. आकादेमियाला उतरा. तिथून चित्रांचं संग्रहालय लागूनच आहे, मध्ये पूल नाही. तिथून सरळ चालत द्झात्तेरेच्या धक्क्यावर जा, त्या वाटेतही पूल नाही. आणि सध्या त्या धक्क्यावरच्या पुलांवर लाकडी उतार घातलेले आहेत.'

ते उतार कसले? ऑक्टोबरच्या शेवटी व्हेनिसला मॅरेथॉन शर्यत होते. धावणाऱ्यांसाठी पुलांच्या पायऱ्यांवर फळ्यांचे उतार बसवतात. शर्यत संपली तरी द्झात्तेरेकडचे उतार पुढे बरेच दिवस ठेवतात. बाबागाडीवाल्या आया, चाकांच्या खुर्चीतली माणसं, पिशवी ओढणाऱ्या आजीबाई, सगळ्यांची सोय होते. बोटीच्या कुठल्या थांब्यावर उतरलं तर पूल न चढता कुठवर जाता येतं, याचा नकाशाही तिथल्या नगरपालिकेने केलेला आहे. तो अपंगांसाठी केला, पण म्हाताऱ्या कुत्र्यालाही तेवढाच उपयोगी.

मी वही पर्समध्ये टाकली. दुसरा इलाज नव्हता.

बोटीत चढतानाची युक्ती सांगते. तिथला धक्का तरंगता असतो आणि बोट वेगळी हलते, त्यामुळे कुत्र्याला पायाखालची जमीन पळाल्यासारखी वाटते. घाई केली की ते चारही पाय रोवून बसतं. म्हणून आधी सगळ्यांना चढू द्यायचं. पट्टा आखूड धरायचा, पण मानेला हिसका द्यायचा नाही. छातीभोवतीचा पट्टा धरून आधार द्यायचा. एकीने पुढे व्हायचं, एकीने मागे राहायचं. मुसकी आधीच घालून ठेवायची. मोत्याला अनूने मुसकीची सवय घरी खाऊ घालून लावली होती, म्हणून त्याने कुरकूर केली नाही. आयत्या वेळी पहिल्यांदा घालाल तर गोंधळ ठरलेला.

एक नंबरची बोट म्हणजे आपल्याकडची प्रत्येक फाट्याला थांबणारी एसटी! कधी डाव्या काठाला, कधी उजव्या. घाईत असते तर मी वैतागले असते. पण मोत्या माझ्या पायावर डोकं टेकून पडला, आणि मला उभं राहून बघण्याखेरीज काही काम उरलं नाही. दोन्ही बाजूंना पाण्यातून थेट उगवलेले वाडे. डावीकडे दगडाची जाळी विणावी तसा का' द'ओरोचा वाडा, उजवीकडे मासळीबाजार. १५९१ साली पुरा झालेला रिआल्तोचा पूल मी खालून पाहिला. वरून गेले असते तर पायऱ्या आणि माणसांच्या पाठी दिसल्या असत्या. खालून त्याची एका झेपेची कमान दिसली.

संग्रहालयात मोत्याला प्रवेश नाही. देवळांत आणि बहुतेक संग्रहालयांत हेच. म्हणून पाळी लावायची. एकीने आत जायचं, एकीने बाहेर बसायचं. अनूने मला आधी पाठवलं. आत वेरोनेसे नावाच्या चित्रकाराचं एक चित्र आहे, जवळजवळ तेरा मीटर रुंद. आमच्या घराची अख्खी समोरची भिंत त्यात मावेल! येशू ख्रिस्ताचं शेवटचं जेवण म्हणून एका मठाच्या भोजनगृहासाठी हे १५७३ साली काढलेलं. पण पंगत अशी थाटाची की विदूषक, शिपाई, नोकरचाकर सगळे हजर, आणि मेजासमोर अगदी पुढे एक कुत्रा ऐटीत बसलेला.

चर्चच्या धर्मन्यायालयाने चित्रकाराला जाब विचारला. तिथल्या नोंदीत हा कुत्राही आहे. त्याच्या जागी मेरी मॅग्डालीन काढावी, असं वेरोनेसेला आधी सुचवण्यात आलं होतं. त्याला ते पटलं नव्हतं. न्यायालयाने स्वखर्चाने चित्र सुधारायला तीन महिने दिले. त्याने काय करावं? चित्र तसंच ठेवलं आणि नाव बदललं! 'लेव्हीच्या घरची मेजवानी.' कुत्रा आजही जागेवर आहे. त्याच्यासमोर उभी राहून मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्यासाठी एक माणूस न्यायालयात गेला, आणि मी बाहेरच्या त्या बिचाऱ्याला पुलावर टाकून बोलले.

बाहेर आले तर अनूभोवती हा घोळका! एक शाळकरी मुलगा मोत्याचे कान कुरवाळतोय, एक गृहस्थ आपल्या मेलेल्या कुत्र्याचा मोबाईलमधला फोटो दाखवतायत. मी यादी घेऊन एकटी हिंडले असते तर या गावातल्या एकाही माणसाने मला हाक मारली नसती.

मग अनू आत गेली आणि मी मोत्याजवळ बसले. आम्ही दोघंच राहण्याची ती पहिली वेळ. त्याला तहान लागली होती. व्हेनिसमध्ये चौकाचौकांत नळ आहेत, पाणी पिण्यालायक. येताना बाटली भरून घेतली होती. पूर्वी मात्र या गावात गोड्या पाण्याचा मुख्य आधार होता पावसाचा. चौकाच्या फरशीखाली वाळूचे थर, त्यातून गाळून मधल्या विहिरीत पाणी साठे. १८८४ साली नळाचं पाणी आलं, तोवर गाव मुख्यतः यावरच जगलं. त्या विहिरींचे कोरीव कठडे आजही चौकांत दिसतात. त्यातल्या काहींच्या पायथ्याशी दगडातच एक लहानशी वाटी कोरलेली असते. कुत्र्या-मांजरांनी पाणी प्यावं म्हणून! जिथे थेंब न् थेंब जपून वापरायचा, तिथे मुक्या जिवाचा वाटा आधी काढून ठेवलेला.

दुपारी आम्ही द्झात्तेरेला गेलो. हा लांबलचक दगडी धक्का दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन छान मिळतं. समोर रुंद कालवा, पलीकडे जुदेक्का बेट आणि पल्लाडिओने बांधलेलं रेदेन्तोरेचं पांढरं चर्च. १५७५-७६ च्या प्लेगनंतर नवस फेडायला बांधलेलं. उतारांवरून मोत्या टुकूटुकू चालला, आणि मग उन्हात जो आडवा झाला तो दीड तास उठला नाही.

मी डब्यातले बेसनाचे लाडू काढले. एक तुकडा त्याच्यापुढे धरला तर अनू ओरडली, "ताई, बेदाणा आहे त्यात!" बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण हे कुत्र्याला विष. बेदाण्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपण फराळाचं ताट सहज पुढे करतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिथेच अनूने पेगी गुगेनहाइमची गोष्ट सांगितली. या श्रीमंत अमेरिकन बाईने व्हेनिसमध्ये कालव्याकाठी घर घेतलं आणि जगभरची चित्रं जमवली. ती १९७९ साली वारली. घराचं आता संग्रहालय झालंय. बागेत तिच्या चौदा लाडक्या कुत्र्यांची नावं कोरलेली शिळा आहे, आणि शेजारीच तिची रक्षा. ते घर त्या धक्क्यापासून फार लांब नाही, पण वाटेत पूल. आम्ही गेलो नाही. आणि मला त्याचं काही वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"तू याला पुण्याहून आणलंस तेव्हा खूप त्रास झाला असेल ना?" मी विचारलं.

"चार महिन्यांवर गेले. पण त्याला मागे ठेवून येणार कशी?"

भारतातून युरोपात कुत्रं न्यायचं तर आधी कातडीखाली चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. हा क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अनूने त्यासाठी स्वतःचं जाणं पुढे ढकललं होतं. हे सगळं मला तेव्हा घरी बसून वेडेपणा वाटला होता.

तेवढ्यात घरून मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. मुलांनी बोट बघितली, पाणी बघितलं. मग सासूबाई आल्या. त्यांनी काय विचारावं? "तो कुत्रा का असा पडलाय? दमला का गं? बसू द्या त्याला, घाई करू नका."

फोन ठेवला आणि मला जेजुरी आठवली. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे कुलदैवताला गेलो होतो. सासूबाई नवी नऊवारी काढून बसल्या होत्या. "आई, पायऱ्या फार आहेत, तुम्हाला झेपायचं नाही, आणि एका दिवसात परत यायचंय," असं मीच म्हटलं होतं. त्यांनी मुकाट्याने लुगडं घडी करून ठेवलं, आणि आम्हाला भंडाऱ्यासाठी पैसे दिले. आम्ही एका दिवसात तीन ठिकाणं केली. त्यातलं आज मला काय आठवतं? गाडी लावायला जागा मिळत नव्हती, तेवढंच.

चौदापैकी व्हेनिसमधली मी दोनच ठिकाणं पाहिली. पण ती पाहिली.

आता कुणाला असा योग आलाच, तर या थोड्या गोष्टी ध्यानात ठेवा:

- उन्हाळा टाळा. दगडी फरशी तापते आणि कुत्र्याच्या तळव्यांना फोड येतात. हाताची पालथी बाजू फरशीवर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवलं नाही तर त्यालाही सोसणार नाही.
- कालव्याच्या काठच्या पायऱ्यांना शेवाळ असतं, तिकडे जाऊ देऊ नका. ते पाणी खारट आणि घाण, पिऊ देऊ नका.
- शरद ऋतूपासून भरतीचं पाणी चढतं. मोठ्या भरतीला अडवणारे पोलादी दरवाजे २०२० पासून वापरात आहेत, पण सान मार्कोचा चौक सखल आहे. तिथे पाणी साचलं की अरुंद फळ्यांवरून चालावं लागतं. म्हाताऱ्या कुत्र्याला तिकडे नेऊच नका. पाय खाऱ्या पाण्यात भिजले तर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा.
- दिवसाला दोन ठिकाणं. तिसरं मनात आणू नका.
- निघण्यापूर्वी पूल मोजा.

हा मजकूर पाठवण्यापूर्वी मी सासूबाईंना वाचून दाखवला. कुत्र्याच्या गोष्टीत त्यांना आणून बसवलं होतं, तेव्हा धाकधूक होती. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या गोष्टीतला मोत्या मीच का गं?" मला काय बोलावं कळेना. मग त्याच हसल्या. "बरं बरं. खंडोबाच्या पायाशीही कुत्रा असतोच. मुसकी तेवढी घालू नकोस मला!"

या महिन्यात आम्ही जेजुरीला जाणार आहोत. रविवार नाही, अमावास्या नाही, साधा मधला वार. आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम, पहाटे गारव्यात निघायचं. वाटेतल्या दीपमाळांशी बसत बसत चढायचं, बरोबर पाणी आणि बसायला चटई. जमलं तर गडावर, नाही तर पहिल्या पायरीवर भंडारा वाहायचा आणि परत. त्या दिवशी दुसरं ठिकाण करायचं नाही.

काल सासूबाईंनी ती नऊवारी उन्हात घातली होती.